मानाची टोपी

आबा लेक-जावयासंगं बुडापेस्ट बघत होते. थोरल्या चर्चच्या दारात जावई हळूच म्हणाला, "मामा, इथं टोपी काढावी लागते."

आबांनी काढली, पण तोंड सुतक आल्यासारखं झालं. उघड्या डोक्यानं कुणी देवापुढं जातं व्हय? आणि सांगणारा कोण, तर लग्नात सासऱ्यानं दिलेली मानाची टोपी 'मी घालत नाही' म्हणून परत करणारा! ते दुखणं आबांना अजून ठणकत होतं.

पुढं ज्यू लोकांचं देऊळ लागलं. तिथं उलटाच कायदा, बोडक्या डोक्याला आत मज्जाव. रखवालदारानं आबांची टोपी बघून हसत वाट दिली, जावयाला मात्र अडवलं आणि कागदाची टोपी पुढं केली.

"थांब गड्या," आबा मराठीतच गरजले. "माझा जावई कागदाची घालंल व्हय?" कोटाच्या खिशातनं त्यांनी घडीची दुसरी टोपी काढली. जावयानं मान वाकवून ती घालून घेतली.

बाहेर आल्यावर लेक खुदखुदली, "अहो, काढा आता. आबांनी टोपी घातली तुम्हाला!"

जावयानं टोपी हातानं दाबून धरली. "मानाचा आहेर कुणी परत करतं व्हय?"