ऐंशीच्या पुढचा पिकअप

“पिकअप वाढवून हवाय,” तो माणूस म्हणाला. “काय लागेल ते लावा.”

ग्वेंडा पोलने मान वर केली नाही. आपल्या गॅरेजात ती एका गाडीची चेन काढत होती. दारात तीनशे सीसीची लाल मोटरसायकल उभी होती, तिच्यावर शिकाऊची पिवळी पाटी होती आणि शेजारचा माणूस चांगला पन्नाशी उलटलेला.

“धड चालवता येते का?”

“शिकतोय. अजून क्लच सोडताना बंद पडते.”

“आणि पिकअप हवाय. बायकोला टाकून पळायचा बेत आहे वाटतं?”

“बायको कधीच गेली,” तो म्हणाला. त्याचं नाव लायल.

“हे बघ लायल, सिग्नलवरून सुसाट सुटायची हौस असेल तर…”

“सिग्नलचं नाही. ऐंशीवर चालली असताना. पुढे लांबलचक ट्रक आहे, त्याला मागे टाकायचंय. तेवढ्यापुरता पिकअप हवा.”

ग्वेंडाने पाना खाली ठेवला. आता तिने गाडीकडे नीट पाहिलं. तेच मॉडेल होतं, रंगही तोच.

“असली कामं मी बंद केलीत,” ती म्हणाली.

ऑस्ट्रेलियातल्या त्या पोर्ट ऑगस्टा गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यापर्यंत ती ही कामं हसत करायची. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका दाताने लहान केलं, एअर फिल्टर बदलला, सायलेन्सर मोकळा केला, की पोरं खूश. मग मेरिन ऑल्ड आली. मेरिन शाळेत शिकवायची आणि सुट्टीला उत्तरेकडे आईकडे जायची. त्या रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलं की जीव नकोसा होतो, म्हणाली. ग्वेंडाने तिच्या गाडीचा पिकअप वाढवून दिला. त्यानंतर काही दिवसांनीच उत्तरेच्या रस्त्यावर पिंबा गावाच्या अलीकडे मेरिन एका ट्रकला ओलांडायला गेली आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. जागच्या जागी गेली.

पोरीने उगाच घाई केली, असा चौकशीत निष्कर्ष निघाला. ग्वेंडाला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण ती पबमध्ये शिरली की टेबलांवरचं बोलणं थांबायचं. शेवटी तिने जाणंच सोडलं.

लायल दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. पायरीवर बसून कार्टनमधली थंड कॉफी प्यायचा आणि तेच तेच विचारायचा. स्प्रॉकेट बदलल्याने किती फरक पडतो? गियर कधी उतरवायचा? ट्रक ओलांडायला किती रस्ता लागतो?

“ब्रेकचं कधी विचारत नाहीस,” ग्वेंडा एकदा म्हणाली. “शिकाऊ माणूस आधी थांबायचं शिकतो.”

“थांबणं मला येतं.”

अखेर तिला राहवलं नाही. मेरिन लहान असताना बाप घर सोडून गेला होता, हे तिने ऐकलं होतं. माणसाचं वय जुळत होतं. ती त्याच्याजवळ पायरीवर बसली.

“तू मेरिनचा कोण?”

लायलने हातातलं कार्टन पायरीवर ठेवलं. “कुणी नाही.”

“तिची गाडी मीच केली होती.”

“माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

ग्वेंडाचे डोळे भरून आले. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तिने त्याची गाडी आत घेतली आणि मेरिनच्या गाडीला केलं होतं ते सगळं तशाच्या तसं केलं.

“पण तू ओलांडायला जायचं नाहीस,” ती दरडावून म्हणाली. “मरशील फुकट. मी चालवून दाखवते.”

“मग ट्रक मी आणतो. मित्राचा आहे.”

नवा हमरस्ता झाल्यापासून शहराबाहेरचा जुना रस्ता ओस पडला होता. पुढे मातीचा बांध घालून तो बंद केला होता. लायल रिकामा ट्रेलर जोडलेला ट्रक घेऊन आला. ग्वेंडा मोटरसायकलवर मागे राहिली. ट्रक ऐंशीवर स्थिरावला तसा तिने एक गियर उतरवला, बाहेर निघाली, मूठ पिळली. ट्रेलर संपला, केबिन मागे गेली. आरशात बघितलं तर ट्रक कुठल्या कुठे राहिला होता.

लायलने तिच्याजवळ आणून ट्रक थांबवला आणि काच खाली केली. “तुम्ही काही बदललं नसतं तरी जमलं असतं?”

“जमलं असतं. जरा जास्त रस्ता लागला असता, एवढंच.”

“म्हणजे तिच्याही गाडीत खोट नव्हती.”

“नव्हती,” ग्वेंडा म्हणाली. तो शब्द इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघाला होता.

“पुन्हा एकदा,” लायल म्हणाला आणि काच वर केली.

दुसऱ्या खेपेला ती केबिनच्या बरोबरीने आली आणि ट्रकच्या इंजिनाचा आवाज बदलला. केबिन मागे पडेना. तिने मूठ पूर्ण पिळली, तरी ट्रकचं पुढचं चाक तिच्या गुडघ्याशीच राहिलं. समोर बांध मोठा होत होता. तिने वर पाहिलं. लायल सरळ समोर बघत होता, जबडा आवळून. ती जिवाच्या आकांताने ओरडली. त्याने एकदा खाली पाहिलं आणि पुन्हा समोर. तिने दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक सरकलं, ट्रेलर अंगावरून गेल्यासारखा सूं करत गेला आणि ती खडीवर घसरत जाऊन पडली.

बांधाच्या अलीकडे ट्रक थांबला. ग्वेंडा लंगडत केबिनपाशी गेली. तिने हेल्मेट काढून दारावर आदळलं. काच सावकाश खाली आली. लायलचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

“वर बघून काय ओरडत होतात?” त्याने विचारलं.

“काय म्हणजे? जोर का देतोस, मला जाऊ दे, असं ओरडत होते!”

लायलने मान हलवली.

“असं होय,” तो म्हणाला. “मेरिन काय ओरडत होती, ते त्या दिवशी मला काचेतून ऐकू आलं नव्हतं.”