हात लावाल तिथे बिल्ड

ऑफिसातल्या जावा प्रोग्रामचं बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालता प्रोग्राम तयार करणं, फक्त काकांच्याच लॅपटॉपवर पार पडायचं. "तुमच्या हाताला गुण आहे हो काका," म्हणत साहेब दरवेळी त्यांची रजा हाणून पाडायचे. तिकडे नात तीन महिन्यांची झाली, तरी काकांनी तिला फोनवरच पाहिली होती.

आज नव्या मुलीने सेटिंगची फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. "अहो काका, प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररीच्या फाइलचा पत्ता तुमच्या लॅपटॉपचा दिलाय! दुसऱ्या कुणाला ती सापडणार कशी?" तिने लायब्ररी मागून घेतली, पत्ता बदलला, बटण दाबलं आणि खुर्चीसकट गरकन फिरली. "झालं! माझ्याकडे झालं!"

काकांनी चष्मा सावरून नवा पत्ता वाचला. तो तिच्या लॅपटॉपचा होता.



"शाब्बास गं पोरी, आता तूच सांभाळ," म्हणत त्यांनी बॅग उचलली आणि लिफ्टचीही वाट न बघता दोन-दोन पायऱ्या उतरत सुटले.