दुसरं कडवं

"ज्याचं गाणं अर्ध्यावर अडलं, त्याला तसंच घरी पाठवायचं नाही. पुढच्या भागाची सुरुवात त्याच्यापासून करायची. आणि ते अडलेलं कुणाला दाखवायचं नाही."

टीव्हीवरचा हा गाण्याचा कार्यक्रम उभा करणाऱ्या मास्तरांचं हे सांगणं अकॉर्डियनवाल्या काकूंच्या कानात होतं, आणि समोर स्पर्धेला आलेले एसटीचे ड्रायव्हरदादा माइक धरून गप्प उभे होते. दुसरं कडवं सुरू होता होता समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर त्यांच्या बायकोचा चेहरा उमटला होता. हसरा. गेल्या वर्षी वारलेल्या बायकोचा. दादांना कुणी कल्पना दिली नव्हती. फोटो कार्यक्रमवाल्यांनी त्यांच्या लेकीकडूनच मागून घेतला होता, "बाबांची जरा गंमत करायची आहे" असं सांगून.

काकूंनी अकॉर्डियनचा भाता ओढून एकच सूर लांबवत धरला. परत यायला वाट राहावी म्हणून. दादा आले नाहीत. कॅमेरे मात्र त्यांच्या डोळ्यांपर्यंत आले.

"सुंदर! कुणी हलू नका," वरच्या काचेमागून दिग्दर्शक ओरडला. वादक मंडळी त्याला पाठीमागे 'क्लोजअप' म्हणत.

काकू हलल्या. अकॉर्डियन खाली ठेवून त्या सरळ दादांपुढे, कॅमेऱ्याला पाठ करून उभ्या राहिल्या.

"दादा, आज घरी जा. पुढच्या भागाची सुरुवात तुमच्यापासून. माझा शब्द आहे." मग काचेकडे बघून म्हणाल्या, "हो ना, साहेब?"

"हो हो, काकू! का नाही!" उत्तर लगेच आलं. जरा जास्तच लगेच.

मास्तर होते तेव्हा स्टुडिओत वादकांना बसायला जागा पुरत नसे. या कार्यक्रमाच्या वेळेला लोक घरी धावत यायचे. मास्तर गेले. मग व्हायोलिनवाले गेले, बासरीवाले गेले, आणि त्यांच्या जागी बटणांचा एक पेटारा आला, ज्यात म्हणे सगळेच होते. गाणी आखूड झाली, बोलणी लांबली. परीक्षक खुर्च्यांवर चढून नाचू लागले. संध्याकाळची वेळ कुठल्याशा मालिकेनं पळवली आणि कार्यक्रम रविवारी भर दुपारी, लोकांच्या झोपेच्या वेळेत येऊन पडला. काकूंनी सगळं गिळलं. मास्तरांचा हा एक नेम तेवढा त्यांनी मोडू दिला नव्हता.

रविवारी तो मोडला. दादांचं रडणं संथ करून दाखवलं, खाली करुण संगीत घालून. मग तेच पुन्हा जाहिरातीत. काकूंनी शब्द दिला तो तुकडा तेवढा कापला.

मंगळवारी दादांच्या लेकीचा फोन आला. "काकू, पुढचं चित्रीकरण कधी आहे? बाबांचा रोज रियाज चाललाय. शर्ट इस्त्री करून ठेवलाय. डेपोत सगळे त्यांच्या रडण्याची नक्कल करतात. बाबा म्हणतात, करू देत, पुढच्या भागात ऐकतील."

काकू स्टुडिओत गेल्या. स्टेजच्या फळ्या उपटणं चालू होतं. क्लोजअप आपले कॉफीचे मग कागदात गुंडाळून खोक्यात भरत होता.

"या काकू. कळलं ना? चॅनेलनं कार्यक्रमाचा गाशा गुंडाळला. परवाचा भाग शेवटचा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"कळून काय करणार? जाता जाता जरा गाजावं म्हटलं. गाजलं की नाही, तुम्हीच सांगा!"

"म्हणजे तुम्ही मला हो म्हणालात, तेव्हा..."

"अहो, तुम्ही कॅमेऱ्यासमोरून हलावं म्हणून म्हणालो!" तो हसला. "तो रडला, लोकांनी बघितलं, विषय संपला. दुसऱ्या कडव्याचं कुणाला पडलंय?"

काकूंनी जन्मात कुणाला शाप दिला नव्हता. आज तो जिभेवर येऊन उभा राहिला, आख्खाच्या आख्खा. पण याच जिभेनं उद्या पहाटे देवाचं नाव घ्यायचं होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"देव तुमचं भलं करो," त्या म्हणाल्या. एवढ्या संतापानं हे वाक्य कुणी क्वचितच म्हटलं असेल. क्लोजअपच्या हातातला मग तसाच राहिला.

बाहेर येऊन त्यांनी दादांच्या लेकीला फोन लावला. कार्यक्रम बंद झाल्याचं सांगितलं.

"मग बाबांना काय सांगू?"

"रविवारी दुपारी बाबा कुठे असतात?"

"डेपोत. दुपारची गाडी सुटेपर्यंत सगळे ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच बसलेले असतात. तेच तर चिडवतात ना."

"बरं. बाबांना म्हणावं, तो इस्त्रीचा शर्ट घालून जा."

रविवारी जेवणं झाली. काकूंच्या यजमानांनी सवयीनं टीव्ही लावला. कार्यक्रमाच्या वेळेला कुणीतरी फरशी पुसायचं यंत्र विकत होतं. त्यांनी वैतागून आवाज बंद केला आणि मागे वळून पाहिलं. काकू कार्यक्रमाला नेसायची साडी नेसून तयार होत्या. अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवत होत्या.

"अगं, बंद झाला ना तो कार्यक्रम? मग हे धूड घेऊन एवढ्या उन्हात कुठे निघालीस?"

काकूंनी पायात चपला सरकवल्या.

"पुढच्या भागाला."