ताटातली शेवटची सुपारी

देवळात ठेवलेल्या ताटात एकच सुपारी उरली होती. नऊ घरांनी आपापली उचलली होती. वाडीत कुठलाही शब्द असाच पक्का होतो.

तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पत्रकातला नियम तिसरा: वाडीतून दहा मुलं आली, तरच गाडी येईल आणि फी निम्मी होईल.

"उचल गं हर्षाली," तात्या म्हणाले. "सगळे खोळंबलेत."

"तुमची नातवंडं बालवर्गात जातील, तात्या. माझी रुही आता चौथीत जायची. इंग्रजी वाचता आलं नाही म्हणून ते तिला पहिलीत बसवतायत. इथल्या सरकारी शाळेत वर्गात तिचाच पहिला नंबर असतो."

"मग शिकेल की पुन्हा! तीन वर्षांनी काय म्हातारी होतेय?" मोठी जाऊ फणकारली. "तुझ्या एका पोरीपायी आमच्या नऊ पोरांनी मागे राहायचं का?"

नियम चौथा: होकार आज सहापर्यंत फोनवर कळवावा.

सहाला पाच मिनिटं होती. हर्षालीने ताट हळूच दूर सरकवलं.

तेवढ्यात देवळाच्या खांबामागून रुही आली आणि तिने सुपारी उचलली.

"ठेव ती खाली!" हर्षाली ओरडली. पण उचललेली सुपारी परत ठेवत नाहीत, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. रुहीने मूठ घट्ट मिटली.

तात्यांनी फोन लावला. जावेने पुढे होऊन रुहीच्या गालावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली.

घरी जाताना रुहीने हळूच विचारलं, "आई, पहिलीच्या बाकात माझे पाय मावतील?"