आईच्या हातातली तार

मी तार कापली आणि बाबांचा आवाज बंद झाला. खरं तर असं काही झालंच नाही, तेव्हा हे वाक्य विसरा.

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. ते वारल्यावर त्यांच्या टेबलावर अर्धवट राहिलेला एक रेडिओ मी लावून पाहिला, तर नुसती खरखर. आईने सहज अँटेनाची तार हातात धरली. माणसाचं अंगसुद्धा लहरी पकडतं, त्यात नवल नाही. पण खरखरीतून बाबा म्हणाले, "दार लावलंस का गं?"

"लावलं," आई म्हणाली.

मी तार धरली की परत खरखर. जिवंतपणीही ते माझ्याशी साधारण एवढंच बोलायचे.

त्यानंतर आई तार सोडेना. जेवेना, झोपेना.

"अगं, अशाने मरशील!"

"हळू बोल रे, त्यांचं ऐकू येत नाही."

शेवटी मी पक्कड घेऊन तार कापली. रेडिओ गप्प झाला. आईच्या मुठीत वीतभर तुकडा उरला होता. त्यातून बाबा स्वच्छ बोलले, "आता दार उघड. एकटीच ये."

आई उठली.

तरी संबंधित खात्यास नम्र विनंती, की सदर प्रक्षेपण त्वरित थांबवावे. ते शक्य नसल्यास त्यात एकदा तरी माझे नाव घेण्यात यावे.