धाटाचे माप

येरळा नदीच्या उतारावर जळक्या रबराचा वास आला. लालासाहेबांनी मोटार थांबवली. केरबा मिस्त्री उतरला, मागे जाऊन वाकला आणि मान हलवत उठला. मागचे दोन्ही टायर मडगार्डला घासत होते. लालासाहेब जागेवरून उठले नाहीत. आत बसूनच त्यांनी मिस्त्रीला सांगितले, की घरी चला आणि मोटार होती तशी उंच करून टाका.

ही मोटार लालासाहेबांच्या आई बयाबाई यांच्या यजमानांनी घेतलेली होती. तिची चाके उंच होती आणि टायर बारीक. महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हापासून ती गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली होती. पायरी गुडघाभर उंचीवर. त्याआधी यजमान गेले, बयाबाईंची साठी उलटली, तरी त्या पायरीवर त्या कोणाचाही हात न धरता चढत असत. वडूजच्या बाजारात लोक ते पाहायला थांबत.

त्याच बयाबाईंनी महिन्यापूर्वी भावकीसमोर सांगितले होते, की आपले गुडघे गेले. मोटार खाली घ्या.

कारणही तसेच होते. युद्धावरून परतलेल्या शिपायांचा साताऱ्याला मेळावा होता. बयाबाईंच्या एकुलत्या एका मुलाच्या, हवालदार लालासाहेबांच्या छातीवर तिथे पदक लागायचे होते. लालासाहेब जाणार नव्हते. सुगी चालू आहे, रस्ता वाईट आहे, पदक काय टपालानेही येईल, असे ते म्हणत. बयाबाईंनी ते ऐकून घेतले आणि आपण स्वतः मेळाव्याला जाणार, मोटार लालाने चालवायची, असा हुकूम केला. आईचा शब्द मोडणे लालासाहेबांना रणातही सुचले नसते.

आता ती मोटार घासणारे टायर घेऊन अंगणात उभी होती. मलकापूरहून मुद्दाम बोलावलेल्या केरबाने खरे ते सांगितले. मोटारीचे अंग चाकांवर तोलून धरणारे कमानपाटे उतरवले, म्हणून अंग खाली आले. पण मोठे चाक त्याखाली मावेना. आता दोनच वाटा उरल्या. एक तर पाटे पुन्हा चढवायचे, नाही तर लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे विकायला काढलेल्या जुन्या मालातून, आणलेली बुटकी चाके लावायची. त्यांचे टायर रुंद होते, वाळूत रुतले नसते. पण मोटारीचे पोट येरळेच्या दगडांना लागले असते, आणि उंच मोटारीची शानही गेली असती.

"वहिनीसाब," दीर आप्पासो कट्ट्यावरून म्हणाले, "आत्ताच म्हशीगत बसल्याली दिसतीया. आनखी खाली घेतली तर धारच काढा."

अंगण हसले. लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. घराची शोभा होऊ नये, पाटे चढवा, आईसाहेबांना दोन गडी हात देतील, असे ते मिस्त्रीला म्हणाले.

बयाबाईंनी पदर सावरला. "मला कुनी हात लावल्याला चालायचा न्हाई. मिस्त्री, बुटकी चाकं लावा. दगडांचं मी बघते."

मग त्या परसदारी गेल्या. तिथल्या बुटक्या पायरीला त्यांनी जोंधळ्याचे धाट लावले, पायरीच्या उंचीवर मोडले आणि केरबाच्या हाती दिले. मोटारीची पायरी एवढीच हवी. बोटभर वर नको, बोटभर खाली नको. केरबाने विचारले, हेच माप का. परसदारच्या पायरीवर आपला पाय नीट पडतो, एवढेच त्या म्हणाल्या.

केरबाने आधी बुटक्या चाकांवर बारीक टायर चढवून पाहिले. धाट पायरीखाली उभे राहीना. रुंद टायर चढवले, तेव्हा ते बरोबर उभे राहिले. दरम्यान बयाबाईंनी वाड्यावस्त्यांवरची माणसे लावून येरळेच्या पात्रातले दगड वेचून घेतले. सुगीच्या दिवसांत त्यांच्या शब्दाखातर माणसे आली, यातच त्या घराचे वजन दिसून आले.

साताऱ्याच्या मैदानावर हवालदार लालासाहेब मोटारीतून एका पावलात उतरले. सलाम ठोकला, पदक घेऊन आले आणि तसेच एका पावलात आत बसले. कोणी पाहिलेही नाही. सगळ्यांचे डोळे बयाबाईंकडे होते. त्या दार धरून, दम घेत, म्हाताऱ्या बायका चढतात तशा चढत होत्या. खटावकडची माणसे हळहळली. आप्पासोंनीही मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब रानात गेल्यावर सूनबाई लीलाबाई अंगणात आल्या आणि जागीच थांबल्या. मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन बयाबाई माळवदाची शिडी चढत होत्या. एक हात पाटीला, दुसरा मोकळा.

"आत्याबाई, तुमचा गुडघा?"

बयाबाईंनी वरूनच परसदाराकडे पाहिले. लढाईवरून आल्यापासून लालासाहेब त्याच दाराने घरात येत. बैल बघून येतो, म्हणत. पुढच्या उंच पायऱ्या ते एकदाही चढले नव्हते. सुनेने सासूच्या नजरेच्या रोखाने पाहिले. लढाईत जखमी झालेला, गुडघ्यात न वाकणारा आपला पाय नवऱ्याने शपथ घालून तिला लपवायला लावला होता. तिचे डोळे भरून आले.

"हळू बोल," बयाबाई म्हणाल्या. "गुडघा माझाच हाय. साऱ्या तालुक्यानं बघितलाय."