निम्मा रस्ता

“डांबर किती, कच्चा रस्ता किती?” टायरवाल्या मुजावरचाचांनी माल दाखवण्याआधीच विचारलं.

“निम्मं-निम्मं,” सदानंद म्हणाला. “गावाकडचा चढ म्हणजे नुसते दगड आहेत.”

चाचांनी त्याच्या जीपच्या जुन्या टायरवरून सावकाश तळवा फिरवला. टायर झिजून गुळगुळीत झाला होता, पण त्यावर दगडाचा एक चरा नव्हता. “हा कच्च्या रस्त्याला कधी लागलेलाच नाही. खरं सांग, म्हणजे नीट निवडता येईल.”

सदानंदने मान खाली घातली. सहा वर्षं तो डांबर संपतं तिथेच जीप उभी करून हॉर्न द्यायचा. वर आणली तर टायर फाटतील, असं वडिलांना सांगायचा. मग आबाच नाचणीची पिशवी घेऊन डोंगर उतरायचे, घटकाभर बोलायचे आणि पुन्हा चढायला लागायचे.

“परवा तासभर हॉर्न देत होतो, चाचा. आबा आलेच नाहीत. शेवटी चालत वर गेलो.”

“मग?”

“ओट्यावर बसले होते. पायात चपला, मांडीवर पिशवी. पहिल्या हॉर्नपासून उठायला बघत होते.”